पाडल्याशिवाय चढल्या कशा

“हा जिना रात्रीतून वितो की काय? काल एवढ्या पायऱ्या नव्हत्या.”

ताई हे माझ्याशी बोलत नव्हती, जिन्याशी बोलत होती. पण मी तिच्या मागच्याच पायरीवर होते, तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर हात धरून, म्हणून मला ऐकू आलं. हात नुसता धरायचा, लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. लावला तर ताई जागच्या जागी थांबते आणि म्हणते, “मग आता तूच चढ. मी बघते मजा.”

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खाली रस्त्याला लागून ताईचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना सारखंच शिकवलं, पण हात ताईला आला. मी किल्ल्या कापते, ती कुलपांची समजूत काढते. अडून बसलेलं कुलूप कानाशी धरून “काय झालं रे तुला?” असं विचारताना मी तिला पाहिलंय, आणि कुलपाने सांगितलेलंही पाहिलंय.

दारात दाजी उभे होते. हातात पेला, पेल्यात पांढरं पाणी. दाजी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. आयुष्यभर दुसऱ्यांना “जेवणानंतर, कोमट पाण्यातून” सांगत आलेला माणूस. स्वतःच्या बायकोला काही देता येत नव्हतं, हे शल्य त्यांना होतं. आता देता येत होतं.

“फरक पडतोय हं,” ते म्हणाले. “आज लवकर आलात.”

“दम लागला म्हणून लवकर आलो,” ताई म्हणाली. “मध्ये थांबले असते तर पुन्हा निघाले नसते.” मग पेला एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. “खडू खाल्ल्यासारखं लागतं. शाळेत फुकट मिळायचा.”

‘फरक पडतोय’ हे आमच्या घरातलं तेव्हाचं रोजचं वाक्य होतं. सकाळी दाजी म्हणायचे, दुपारी मी म्हणायचे, संध्याकाळी भाची यायची आणि चपला काढता काढता तीच विचारायची, “पडतोय ना फरक?” ताई तेवढी काही म्हणायची नाही.

आजार स्नायूंचा. आधी पापण्या उतरल्या, मग मांड्यांतलं बळ उतरलं. पापण्या डोळ्यांवर येतात म्हणून ताई हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून माणसाकडे बघते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाईला तोरा फार. ताईनेही ते कधी खोडून काढलं नाही. “आजारी म्हणवून घेण्यापेक्षा तोरेवाली बरी,” म्हणते.

डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा मला अर्धंच कळलं होतं. बाकीचं भाचीने घरी समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत म्हणे बारीक बारीक चुली असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. अन्नाचं बळ तिथे तयार होतं. ताईच्या चुलींमधल्या बऱ्याचशा धुमसतात, पेटत नाहीत. आणि गंमत अशी, की या चुली फक्त आईकडून येतात. बाप कितीही कर्तबगार असो, चुलीच्या बाबतीत त्याचं काही चालत नाही. हे ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. दाजीसुद्धा. “म्हणजे इथेही माझं चालत नाही!” म्हणाले. मग मी विचारलं, आम्ही एकाच आईच्या, मग मला कसं काही नाही? भाची म्हणाली, “वाटणी असते, मावशी. एकीच्या वाट्याला बिघडलेल्या जास्त येतात, एकीच्या कमी. नशीब.” त्यावर कोणी हसलं नाही, आणि पुढचा प्रश्नही कोणी विचारला नाही. ताईला एकच मुलगी आहे.

तीच ही भाची. लहानपणी कपाट, खिडकी, झाड, दाजींचा खांदा, काहीही सोडायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं खारू. आता मोठी झाली, प्रयोगशाळेत संशोधन करते. कशावर? तर केळ्यावर घोंगावतात ना, त्या चिलटांवर. “एवढं शिकली आणि चिलटं पाळते,” असं ताई गिऱ्हाइकांना सांगते, आणि असं सांगते की गिऱ्हाइकाने विचारलंच पाहिजे, “म्हणजे काय हो?” मग अर्धा तास कुलूप बाजूला.

खारूकडच्या काही माश्यांच्या चुलींत बिघाड होता, ताईसारखाच. वय झालं की त्यांना उडता येत नाही, मग चढताही येत नाही. अशा म्हाताऱ्या, थकलेल्या माश्यांच्या खाण्यात तिने दाजींच्या पेल्यात असते ती पावडर मिसळली. पावडर काही जगावेगळी नाही, ताकदीची म्हणून दुकानात डब्यातून मिळते तीच. आणि एका संध्याकाळी ती धावत, खरंच धावत, घरी आली. तेव्हा ती जिना धावत चढायची. “आई, चढल्या! पावडर खाल्लेल्या म्हाताऱ्या चढल्या!”

कच्चा निकाल आहे, असं ती दहादा म्हणाली. तिच्या मॅडमचा निरोपही सांगितला, की माशी म्हणजे माणूस नाही. पण दुसऱ्या दिवशी दाजी डबा घेऊनच आले. डॉक्टर म्हणाले, अपाय नाही, घ्या हवं तर. अपाय नाही एवढ्या शब्दांवर घर कसं उजळतं, ते ज्याच्या घरी आजार आहे त्यालाच कळेल. आणि खरं सांगते, सुरुवातीला ताई चढलीही बरी. आशेनेसुद्धा माणूस चार पायऱ्या जास्त चढतो.

मग एके दिवशी तिने काढलं, “मला माझ्या माश्या बघायच्यात.”

“आई, तिथे बघण्यासारखं काही नाही गं. वास येतो.”

“मी तीस वर्षं ग्रीसच्या वासात बसलेय. आणि माझ्या नावावर त्या कसरत करतायत, मग मी त्यांना भेटायला नको?”

गेलो आम्ही, दोघी. प्रयोगशाळेच्या इमारतीत लिफ्ट होती. मला वाटलं, ताई जिनाच धरणार. पण ती सरळ लिफ्टमध्ये शिरली. “इथे माझी परीक्षा नाही,” म्हणाली. “माझी परीक्षा घरी.”

खोली लहान, उबदार, आणि शिळ्या भाकरीला आंबूस सुटावा तसा वास. काचेच्या नळ्याच नळ्या, तळाला मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली पेज, तोंडाला कापसाचे बोळे. प्रत्येक नळीवर रंगीत पट्टी. खारूच्या मॅडम बेसिनपाशी नळ्या विसळत होत्या, ओल्या हातांनीच नमस्कार केला. ताईने एक नळी उचलून उजेडाकडे धरली, हनुवटी वर, डोळे बारीक. “यातली मी कोणती?”

“नारिंगी पट्टीवाल्या,” खारू म्हणाली. “म्हाताऱ्या, बिघाडाच्या, आणि पावडर खाणाऱ्या.”

“वर्णन चांगलं केलंस आईचं.”

चाचणी अशी. रिकाम्या नळीत माश्या घ्यायच्या, टेबलावर जाड स्पंज ठेवलेला, त्यावर नळी ठकठक आपटायची. सगळ्या माश्या तळाला पडतात. माशीचा स्वभावच असा की पडली की वर निघायचं. नळीवर मध्यावर पेनाने रेघ मारलेली. ठरलेल्या वेळात किती जणी रेघ ओलांडतात, ते कॅमेरा टिपतो. शास्त्राच्या भाषेत याला मोठं नाव आहे. आमच्या घरात आपटणी म्हणतात.

आधी धडधाकट माश्या. खारूने नळी धरली आणि ठक! ठक! ठक! पोरीचा हात किल्लीवाल्यांचा, नेम चुकत नाही. सगळ्या खाली, आणि लगेच पावसाची सर उलटी पडावी तशा वर. मग निळी पट्टी. म्हाताऱ्या, बिघाडाच्या, पावडर न खाणाऱ्या. ठक ठक ठक. पडल्या. दोन-तीन जणी कशाबशा निघाल्या, बाकीच्या तळाशीच फिरत राहिल्या. मी नजर वळवली. ताई मात्र टेबलावर कोपर रोवून, टक लावून बघत होती.

मग नारिंगी. टक, टक, टक.

मला काही वेगळं वाटलं नाही. माश्या चढत होत्या, बऱ्याच जणी रेघेच्या वर होत्या, मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

“ह्या पडल्याच नाहीत,” ताई म्हणाली.

“पडल्या की, आई.”

“अर्ध्या पडल्या. बाकीच्या मध्येच काचेला चिकटून बसल्यात. पुन्हा आपट.”

खारूने पुन्हा आपटलं. टक, टक, टक. झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावावं तसं.

“अगं, नीट आपट की! त्यांना कसं आपटलंस मघाशी? मी काय काचेची आहे?” ताई हसत होती, हे लक्षात घ्या. ती थट्टाच करत होती. “पाडल्याशिवाय चढल्या कशा म्हणायच्या, खारू? मध्ये बसलेलीने दोन पावलं टाकली तरी रेघ ओलांडली.”

खारूने नळी स्पंजवर ठेवली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बेसिनचा नळ बंद झाला. मॅडम हात पुसत आल्या, त्यांनी नळीकडे पाहिलं, मग खारूच्या हाताकडे.

“मी मुद्दाम नाही केलं,” खारू म्हणाली.

“माहीत आहे मला,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मला कळलंच नाही. आईशप्पथ.” हे म्हणताना ती आईकडेच बघत होती, त्यामुळे त्या शपथेला काही अर्थच उरला नाही.

“चूक माझी,” मॅडम म्हणाल्या. “पट्ट्या झाकून करायला हवं होतं, मी घाई केली. पुन्हा करू सगळं पहिल्यापासून. या वेळी जन्मापासून पावडर दिलेल्या आणि लक्षणं दिसू लागल्याबरोबर दिलेल्या, अशाही घेऊ. आणि आपटायला दुसरं कोणी. तू नाही.”

“मी नीट आपटेन.”

“नाही गं राणी,” मॅडम म्हणाल्या, आणि तेवढंच.

परतलो आम्ही. आमच्या इमारतीच्या तळाशी आलो तेव्हा जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून ताई म्हणाली, “पोरीने मला जपलं गं. काचेतसुद्धा जपलं.” आणि चढायला लागली. त्या दिवशी खूप वेळ लागला.

दारात दाजी, पेला.

“नको,” ताई म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे नको. चिलटांचा निकाल लागेपर्यंत बंद.”

दाजींना वाटलं थट्टा. मग वाटलं हट्ट. मग ते चिडले. दाजी चिडले की आवाज चढत नाही, उलट काउंटरवरचा होतो. “हे बघा, औषध मध्येच सोडायचं नसतं.”

“औषध आहे कुठे? खडू आहे.”

“फरक पडतोय म्हणून सांगतोय मी!”

“कुणाला पडतोय? अहो, चढते मी आणि फरक पडतोय तुम्हाला!” ताईने पेला उचलला आणि बेसिनमध्ये ओतला, सावकाश, सगळ्यांच्या देखत. “मला कुणी हळू आपटून वर चढवलेलं चालणार नाही. चढेन तर माझ्या पायांनी, आणि नाही चढणार तर नाही चढणार. खोटी एक पायरी नको.”

त्या दिवसापासून घराला कुलूप लागल्यासारखं झालं. शेजारीण सहानुभूतीने म्हणाली, तळमजल्यावर घर बघा आता. ताई तिला म्हणाली, “तुम्ही बघा. मग आमचा आवाज नाही येणार तुम्हाला.” दुकानाला सुट्टी नाही, जिन्याला सुट्टी नाही. चढताना ती आता जिन्याला उघड शिव्या द्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी त्यातल्या दोन-तीन उचलल्या, आणि त्यांच्या आईने आमच्याकडे तक्रार आणली. ताई म्हणाली, “अर्थ सांगितलाय का त्यांना? की तोही मीच सांगू?”

आणि खारू? ती उशिरा यायला लागली. नव्या आपटणीत तिचं काम माश्यांना खाऊ घालायचं आणि आतल्या चुली तपासायचं. त्याविषयी ती घरात अवाक्षर काढायची नाही. ‘फरक पडतोय ना’ हेही विचारायची थांबली. बोलताना मात्र हनुवटी थोडी वर ठेवायला लागली होती.

“आईचा तोरा आला बरं का पोरीत,” दाजी एकदा जेवताना म्हणाले.

“संशोधक बाई आहे,” मी म्हणाले. “तोरा नको?”

खारू हसली आणि हनुवटी खाली घेतली. ताईने तिच्याकडे पाहिलं नाही. ताटातलं बोटाने निपटत राहिली.

एकदा मी दुकान बंद करून वर येत होते, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खारू उभी. भिंतीला टेकलेली, पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधत असलेली.

“काय गं?”

“किल्ली सापडत नाहीये, मावशी.”

किल्लीवालीच्या मुलीला किल्ली सापडत नव्हती, आणि घरात दाजी होते, दार उघडंच होतं. मी म्हणाले, “शोध हं सावकाश,” आणि तिच्याबरोबर उभी राहिले. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही दोघींनी ती पर्स शोधली. मग ती पुढे, मी मागे. माझा हात आपोआप उठला, तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. तो मी मागे घेतला. मग पुन्हा तसाच धरला. वर ताई दारातच बसली होती, खुर्ची टाकून, पितळी कुलूप कानाशी धरून. तिने आम्हा दोघींना येताना ऐकलं होतं. जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. कुणाची पावलं कुठे थांबतात, तेही तिला कळतं. ती फक्त म्हणाली, “आलात? ताटं घ्या.”

निकाल आला तो सुट्टीच्या दिवशी दुपारी कळला. म्हणजे आला आधीच असणार, खारूने दुपारी सांगितला. जेवणं झाली होती, उष्टी ताटं अजून टेबलावर होती, दाजी पेपर उलगडत होते.

“आपटणीचं झालं,” ती म्हणाली.

दाजींनी पेपर तसाच धरून ठेवला.

“म्हाताऱ्या माश्यांना उशिरा दिली तर काही फरक नाही. तीनदा केलं. मॅडमनी स्वतः आपटलं एकदा. निळ्या आणि नारिंगी सारख्याच.”

“थोडासा तरी?” दाजी म्हणाले.

“नाही, बाबा.”

“आतल्या त्या चुली?”

“त्याही तशाच. सॉरी, बाबा.”

दाजींनी पेपरची घडी घातली, ती नीट आली नाही, पुन्हा उलगडून घातली. “दुकानात चार डबे आणून ठेवलेत मी,” असं काहीतरी म्हणाले. चेहरा असा, की जणू माश्या त्यांनीच आपटल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

ताईला मात्र काही झालं नाही. खरंच सांगते, तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखंच दिसलं. “चला,” म्हणाली, “म्हणजे चढत होते ती मीच. खडू नव्हता.” मग टेबलावर पुढे झुकली. “आणि त्या दुसऱ्या? जन्मापासून दिलेल्या?”

खारू ताटांकडे बघत म्हणाली, “त्या चढल्या. वय झाल्यावरही बऱ्यापैकी चढत राहिल्या. पट्ट्या झाकूनच केलं होतं. चुलीही बऱ्या पेटत होत्या.”

“आणि लक्षणं दिसू लागल्याबरोबर दिलेल्या?”

“आई, माशी म्हणजे माणूस नाही.”

“ते मला पाठ आहे. मी विचारलं त्याचं सांग.”

“थोडा उपयोग झाला,” खारू म्हणाली. “जन्मापासूनच्यांइतका नाही. पण झाला. माश्यांना.”

“नुकती सुरुवात असेल तर.”

“हो. नुकती असेल तर.”

ताई उठली. टेबलाला हात देऊन, कण्हत नाही, कुरकुरत उठली. फळीवरून डबा काढला, जो तिने बंद केल्यापासून कोणी उघडला नव्हता. दाजी लगेच अर्धे उठले. त्यांना वाटलं, आली, मार्गावर आली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा उजेड पडला की मला वाटलं, कोणीतरी त्यांना थांबवावं. ताईने पेल्यात कोमट पाणी घेतलं, दोन चमचे पावडर, खळखळ ढवळलं. गुठळी राहिली तर ती चमच्याने काठावर दाबून मोडली. सगळं निगुतीने, दाजी करतात तसं. मग पेला टेबलावरून सरकवला. दाजींच्या समोरून, माझ्या समोरून, थेट खारूपुढे.

“पी.”

खारूने हात मांडीवरच ठेवले. “आई, नको ना.”

“पी म्हणते ना. आवडणार नाही, खडूसारखं लागतं. उद्या आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ, ते काय म्हणतील ते करू. मॅडमना काय वाटतं तेही विचारू. पण बसून राहायचं नाही.”

“तिला कशाला?” दाजी म्हणाले. ते अजून अर्धवटच उभे होते. “अगं, तिला कशाला देतेस? तिला काय झालंय?”

मी ताटं उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. खारू पेल्याकडे बघत होती, आणि नीट दिसावं म्हणून तिने हनुवटी वर केली होती. ते तिच्याच लक्षात आलं, पण या वेळी तिने ती खाली घेतली नाही.

“काय झालंय तिला?” दाजींनी माझ्याकडे बघून विचारलं.

“तिच्याकडे काय बघता? मला विचारा,” ताई म्हणाली. ती बसली नव्हती. एक हात खुर्चीच्या पाठीवर, डोकं मागे, उतरलेल्या पापण्यांखालून सरळ नवऱ्याकडे नजर. “तिलाही आहे. माझंच आलंय तिला. आणि ते मीच सांगणार, दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही.”